घरगुती ध्वनिमुद्रण, ध्वनिमिश्रण आणि गाण्याचा अर्थ : वामनदादा कर्डक यांच्या गीतपरंपरेच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : होम स्टुडिओ, ध्वनिमिश्रण, आंबेडकरी जलसा, गायन पार्टी, कोरस, नाममुद्रा

१. प्रास्ताविक

मराठी गीताची समीक्षा प्रामुख्याने शब्दांची समीक्षा राहिली आहे. गीतातील प्रतिमा, यमक, बोलीची रूपे, सामाजिक आशय यांची चर्चा आपल्याकडे विपुल झाली. चालीची चर्चा त्या मानाने कमी झाली, आणि गाणे ज्या ध्वनिमुद्रित रूपात श्रोत्यापर्यंत पोहोचते त्या रूपाची चर्चा जवळपास झालीच नाही. छापील पुस्तकाच्या बाबतीत संपादन, पाठभेद आणि आवृत्ती यांचा विचार करणारा अभ्यासक ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र ते निव्वळ तांत्रिक काम आहे असे गृहीत धरून पुढे जातो.

गेल्या दोन दशकांत हे गृहीतक टिकवणे कठीण झाले आहे. एक संगणक, एक ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर मायक्रोफोन आणि एक हेडफोन एवढ्या सामग्रीवर गाणे मुद्रित करून, त्याचे मिश्रण करून ते प्रसिद्ध करणे आता राहत्या घरातील एका खोलीत शक्य झाले आहे. नाशिकसारख्या शहरात, जेथे व्यावसायिक ध्वनिमुद्रणासाठी पूर्वी मुंबई वा पुणे गाठावे लागे, तेथे या बदलाचे महत्त्व विशेष आहे. भीमगीते, देवीची गाणी, अहिराणी गाणी, लग्नातील हळदीची गाणी अशा अनेक गीतप्रकारांना या खोल्यांनी आश्रय दिला आहे.

प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार एका विशिष्ट परंपरेच्या अनुषंगाने केला आहे. लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला आणि १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची गाणी आज मोठ्या प्रमाणावर नव्याने मुद्रित होत आहेत. ध्वनिमिश्रण ही गाण्याचा अर्थ ठरवणारी कृती आहे, आणि घरगुती स्टुडिओत ती कृती एकाच व्यक्तीच्या हाती एकवटल्यामुळे या परंपरेतील शब्द, समूह आणि कवीचे नाव या तीन गोष्टींचे भवितव्य त्या व्यक्तीच्या निर्णयांवर अवलंबून राहते, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२. ध्वनिमुद्रणाची सत्ता : कंपनी, कॅसेट, खोली

भारतातील ध्वनिमुद्रणाचा आरंभ एका अर्थाने तात्पुरत्या खोलीतच झाला. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या वतीने आलेल्या फ्रेडरिक गेसबर्ग यांनी कोलकात्यातील एका हॉटेलातील खोली मुद्रणासाठी सज्ज करून गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. १९०८ मध्ये कोलकात्यातच तबकड्यांचा कारखाना सुरू झाला. पुढे कायमस्वरूपी स्टुडिओ उभे राहिले आणि कोणाचे गाणे मुद्रणास योग्य हा निर्णय कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे गेला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. या मर्यादेने ख्याल आखूड केला, नाट्यपद आखूड केले, आणि जे गाणे आखूड होऊ शकत नव्हते ते बाहेर राहिले.

आकाशवाणी आणि चित्रपट यांच्या काळात श्रमविभागणी अधिक काटेकोर झाली. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित झालेले ‘गीतरामायण’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. ग. दि. माडगूळकर यांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, निरनिराळे गायक, वादकवर्ग आणि केंद्रावरील तंत्रज्ञ यांच्या एकत्रित कामातून ती ५६ गीते उभी राहिली. चित्रपटगीताच्या क्षेत्रात तर गायक आणि मोठा वाद्यवृंद एकाच वेळी एकाच सभागृहात मुद्रण करीत. एखाद्याची चूक झाली की सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. या व्यवस्थेत गाणे हे अनेकांच्या परस्पर संमतीचे फळ होते, तथापि त्या सभागृहाचे दार कोणासाठी उघडेल हे ठरवणारे थोडेच होते.

ते दार प्रथम किलकिले केले कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही छोटी फीत भारतात १९८० च्या दशकात सर्वदूर पोहोचली. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील या स्थित्यंतराचा अभ्यास १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मुद्रणाचा व प्रतिनिर्मितीचा खर्च घटल्याने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी सैल झाली आणि प्रादेशिक व स्थानिक गाण्यांना बाजार मिळाला, हे त्यांचे प्रतिपादन महाराष्ट्रातील भीमगीतांच्या बाबतीतही लागू पडते. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, गोविंद म्हशीलकर, श्रावण यशवंते यांच्या आवाजांशी जोडलेली ही परंपरा कॅसेटमुळे जलशाच्या मांडवातून घराघरांत गेली.

घरगुती स्टुडिओ ही या साखळीतील पुढची कडी होय. त्याची पूर्वचिन्हे जुनी आहेत. ए. आर. रेहमान यांनी १९८९ मध्ये चेन्नईतील घराच्या आवारात स्वतःचा स्टुडिओ उभारला आणि १९९२ च्या ‘रोजा’ने त्या कामाची ओळख देशाला झाली. अमेरिकेत बिली आयलिश यांचा २०१९ चा अल्बम प्रामुख्याने त्यांच्या भावाच्या निजण्याच्या खोलीत तयार झाला आणि २०२० मध्ये त्यास ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा सन्मान मिळाला. नाशिकपुरते बोलायचे तर घर हीच निर्मितीशाळा करण्याचा वारसा दादासाहेब फाळके यांच्यापर्यंत नेता येतो. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यांच्या दादरच्या घरी आकारास आला. फिल्मवर प्रक्रिया करण्याच्या कामात सरस्वतीबाईंचा वाटा होता, आणि त्यानंतर फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले. तथापि फाळके यांच्या घरात माणसांचा राबता होता. आजच्या घरगुती स्टुडिओत बहुतेक वेळा एकच माणूस बसलेला असतो. हा फरक पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

३. जलशाचा मांडव आणि दहा फुटांची खोली

वामनदादांच्या गीतांचे मूळ अधिष्ठान समूहात आहे. नाशिक जिल्हा हा आंबेडकरी चळवळीच्या इतिहासात केंद्रस्थानी राहिलेला प्रदेश होय. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रहास आरंभ झाला, आणि त्याच दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या नाशिक जिल्ह्यातील कलावंतांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा घेऊन त्यात प्रबोधनाचा आशय भरणारा हा प्रकार पुढे गायन पार्ट्यांच्या रूपाने विस्तारला. वामनदादा या धारेचे वारसदार होत. लहानपणी त्यांना शाळा लाभली नाही. मुंबईत कष्टाची कामे करीत असता तरुणपणी अक्षरओळख झाली, आणि त्यानंतर सुमारे सहा दशके त्यांनी गावोगाव गाणी लिहिली व गायिली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध आहेत. परंतु या गीतांचे खरे प्रकाशन मांडवात होत असे.

मांडवातील गाण्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मुख्य गायक ओळ म्हणतो, मागचे साथीदार ती उचलतात. ढोलकी व हार्मोनियम यांच्या संगतीने ओळ पुन्हा पुन्हा फिरते. दोन अंतऱ्यांच्या मध्ये गायक थांबून दोन वाक्ये बोलतो, प्रसंग सांगतो, श्रोत्यांपैकी कोणी बक्षीस दिले तर त्याचे नाव पुकारतो आणि पुन्हा ओळीवर येतो. उत्तरार्धात लय चढते. साथीदारांनी उचललेली ओळ ही सजावट नव्हे. निरक्षर श्रोत्याला ती ओळ पाठ व्हावी यासाठीची ती योजना आहे, आणि गायकाच्या विधानाला समूहाने दिलेली ती पहिली संमतीही आहे.

हे गाणे दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत येते तेव्हा काय घडते? प्रथम अवकाश बदलतो. उघड्या मांडवात आवाजाला भिंत नसते. खोलीत ध्वनी भिंतीवर आपटून परततो. दहा फूट म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरल्यास समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्‌झचा मंद्र ध्वनी स्थिरावतो. लांबी, रुंदी आणि उंची सारखी असेल तर हा परिणाम तिप्पट दिशांनी एकाच जागी साचतो. खोलीच्या ऐन मध्यावर हाच ध्वनी क्षीण ऐकू येतो आणि भिंतीजवळ तो फुगतो. मध्यावर खुर्ची ठेवून बसलेल्या मिश्रणकाराला ढोलाचा मंद्र घुमारा कमी वाटतो, म्हणून तो वाढवतो. तेच गाणे मोठ्या ध्वनिक्षेपकांवर लागले की घुमारा शब्दांवर स्वार होतो. गाण्यात शब्द मोठा की ढोल मोठा, हा वस्तुतः अर्थाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर येथे खोलीच्या मापाने दिलेले असते आणि ते कोणाच्या ध्यानीही येत नाही.

गोधड्या, गाद्या व पुस्तकांची कपाटे लावून खोलीतील उंच स्वरांचा प्रतिध्वनी आटोक्यात येतो. मंद्र ध्वनी मात्र एवढ्याने शोषला जात नाही. त्यासाठी जाड, कोपऱ्यात बसवलेले शोषक लागतात. म्हणून अनुभवी मिश्रणकार बसण्याची जागा मध्यापासून पुढे सरकवतो, एकच गाणे हेडफोनवर, भ्रमणध्वनीच्या लहान स्पीकरवर आणि चारचाकी वाहनात ऐकतो, आणि मगच निर्णय घेतो. ही दक्षता म्हणजे संपादकाने मुद्रित दुसऱ्या डोळ्यांकडून तपासून घेण्यासारखे आहे.

४. मिश्रण : एक अर्थनिर्णय

मिश्रण म्हणजे स्वतंत्रपणे मुद्रित केलेल्या आवाजांची परस्परांतील पातळी, स्थान, अंतर आणि रंग ठरवणे. ही चारही अंगे वामनदादांच्या गीतांच्या संदर्भात तपासून पाहता येतात.

पहिला प्रश्न शब्दाचा. वामनदादांची भाषा कष्टकऱ्यांच्या बोलण्यातील आहे. तिचा परिणाम व्यंजनांच्या ठोसपणावर अवलंबून असतो. क, त, प, स, च यांची ओळख पटवणारी ऊर्जा मुख्यतः दोन हजार हर्ट्‌झच्या वरच्या पट्ट्यात असते. त्याच पट्ट्यात टाळ, ताशा व संगणकीय झांजा दाटीने बसवल्या की शब्द पुसट होतो. आवाजाची पातळी कितीही वाढवली तरी तो उलगडत नाही. अशा वेळी वाद्यांच्या पट्ट्यातून जागा मोकळी करून देणे हा उपाय असतो. तो न करता आवाज दाबून, कॉम्प्रेसरने सपाट करून पुढे आणला की गायकाने एखाद्या शब्दावर दिलेला जोर आणि पुढच्या शब्दावर घेतलेला उसासा एकाच उंचीचे होतात. निषेध आणि विनवणी यांतील अंतर त्यामुळे नाहीसे होते. रोलाँ बार्थ यांनी १९७२ मधील निबंधात आवाजाच्या ज्या पोताचा विचार मांडला, तो पोत अशा मिश्रणात सर्वप्रथम नष्ट होतो.

दुसरा प्रश्न लयीचा. घरगुती मुद्रणात बहुधा आधी लूप येतो, नंतर गायक. संगणकातील ठोक्यावर, म्हणजे क्लिकवर, गायकाला चालावे लागते. मांडवातील गाण्यात लय ही गायक व ढोलकीवाला यांच्या नजरेतून ठरत असे आणि श्रोत्यांच्या प्रतिसादानुसार चढत असे. येथे ती आरंभीच निश्चित होते. नाशिक ढोलाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नाशिकचा ढोल महाराष्ट्राबाहेर केरळपर्यंत लोकप्रिय झाला. हे उघड्यावर वाजवण्याचे वाद्य खोलीत मुद्रित करणे अवघड असल्याने घरगुती स्टुडिओत ते तयार नमुन्यांच्या रूपाने येते. परिणामी नाशिकच्या गाण्यातही नाशिकचा ढोल दुसऱ्या कोणी कधीतरी मुद्रित केलेला असू शकतो, आणि त्याचा प्रत्येक आघात आधीच्या आघाताची तंतोतंत प्रत असतो. येथे दोष यंत्राचा आहे असे म्हणता येत नाही. मिश्रणाच्या संगणकप्रणालीत लय टप्प्याटप्प्याने वाढवण्याची सोय असते आणि ढोलकीवाल्याला प्रत्यक्ष बोलावून क्लिकशिवायही मुद्रण करता येते. सोय असूनही ती वापरली जात नाही, तेव्हा तो सवयीचा प्रश्न असतो.

तिसरा प्रश्न कोरसचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. घरगुती स्टुडिओत एकच गायक तीच ओळ चार, सहा वा आठ वेळा गातो. त्या फेऱ्या डावीकडे व उजवीकडे पसरवल्या की समूहाचा भास निर्माण होतो. कानाला हा परिणाम भरीव वाटतो. परंतु त्यात वेगळे वय नाही, वेगळा गळा नाही, किंचित उशिरा उचललेली ओळ नाही. ज्या परंपरेत साथीदारांची ओळ ही समूहाची संमती होती, तेथे आता गायक स्वतःशीच सहमत होत असतो. शाहिरी गाण्यातील ‘आम्ही’ हा शब्द व्याकरणात अनेकवचनी राहतो, आवाजात मात्र एकवचनी होतो. केवळ छापील शब्द वाचणाऱ्या समीक्षेला हा बदल दिसूच शकत नाही.

याला पर्याय खर्चिक नाही. चार माणसे एका मायक्रोफोनभोवती उभी करून, कमी आवाजाच्या माणसाला जवळ व मोठ्या आवाजाच्या माणसाला दूर ठेवून मुद्रण करणे ही जुनी रीत आहे. तेथे पातळी बटणाने ठरत नाही, पावलांनी ठरते. खोली लहान असली तरी ही रीत साध्य आहे. त्यासाठी माणसे जमवावी लागतात, आणि घरगुती स्टुडिओच्या कार्यपद्धतीत नेमके तेच गळून पडले आहे.

चौथा प्रश्न गोंगाटाचा. स्वच्छ मुद्रण हे घरगुती मिश्रणकाराचे ध्येय असते, आणि रस्त्यावरचा भोंगा, पंख्याची घरघर काढून टाकणे योग्यच आहे. तथापि कोणता आवाज गोंगाट आणि कोणता आवाज गाण्याचा भाग, हा विवेक करावा लागतो. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. बर्नार्ड बेल यांनी पुढे त्यांतील कित्येकांचे ध्वनिमुद्रण केले. अशा गाण्याच्या मुद्रणातून जात्याची घरघर स्वच्छतेच्या नावाखाली काढली तर ओवीचा आधारस्वरच जाईल. कडूबाई खरात यांचा भ्रमणध्वनीवर मुद्रित झालेला, एकतारीच्या साथीचा आवाज लोकांपर्यंत पोहोचला तेव्हा त्यात व्यावसायिक मिश्रणाचा लवलेशही नव्हता. एक गळा, एक तार आणि सभोवतालचे वातावरण यांतील अंतर त्यात जसेच्या तसे होते. उत्तम मिश्रण म्हणजे अधिकाधिक प्रक्रिया, या समजुतीला हे उदाहरण छेद देते.

५. नाममुद्रेचा प्रश्न

वामनदादांच्या पुष्कळ गीतांत शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ हे नाव गुंफलेले असते. संतांच्या अभंगांत ‘तुका म्हणे’ वा ‘नामा म्हणे’ येते त्या मराठी वळणाचेच हे रूप होय. मौखिक परंपरेत कर्तृत्वाची नोंद ठेवण्याची ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. गाणारा बदलो, गाव बदलो, शेवटचा अंतरा गायिला गेला की कवीचे नाव उच्चारले जाते. ज्या समाजाच्या लेखनाला छापखाना सहजासहजी उपलब्ध नव्हता, त्याच्या कवीसाठी ही मुद्रा म्हणजे मुखपृष्ठ होते.

यासंदर्भात ग्रामोफोनच्या आरंभकाळातील एक प्रथा आठवते. गौहरजान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. परदेशातील कारखान्यात तबकडीवर योग्य नावाची चिठ्ठी लागावी, हा त्यामागील व्यवहार होता. तंत्रज्ञानालाही एकेकाळी आवाजातील नावाची गरज होती. आज नाव आवाजात नसले तरी चालते, कारण ते फाइलसोबतच्या रकान्यात भरायचे असते. रकाना रिकामा राहिला, किंवा त्यात ‘पारंपरिक’ असे लिहिले गेले, तर गाणे निनावी होते.

घरगुती मिश्रणात गाणे आखूड करण्याकडे कल असतो. तबकडीची तीन मिनिटांची मर्यादा आता तांत्रिकदृष्ट्या उरलेली नाही, परंतु श्रोता थांबणार नाही या भीतीने ती स्वेच्छेने स्वीकारली जाते. मिरवणुकीसाठी केलेल्या रिमिक्समध्ये तर ध्रुवपद आणि एखादा अंतरा लूपवर फिरवण्याची पद्धत आहे. गाणे कापले जाते ते शेवटाकडून, आणि नाममुद्रा असते ती शेवटीच. म्हणजे लांबी कमी करण्याचा वरकरणी निरुपद्रवी निर्णय कवीला त्याच्या गाण्यातून बाहेर काढतो. मिरवणुकीत हजारोंच्या ओठी असलेले गाणे कोणाचे, हे त्यातील तरुणास ठाऊक नसणे ही या परंपरेची खरी हानी होय.

कायद्याची बाजूही येथे ध्यानात घ्यावी लागते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या कृतीवर अधिकार राहतो. त्यानुसार वामनदादांच्या गीतांवरील अधिकार २०६४ अखेरपर्यंत आहे. कलम ५७ अन्वये कर्तृत्व आपले म्हणून सांगण्याचा आणि कृतीच्या मानहानिकारक विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा विशेष अधिकार लेखकास आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा अधिक सुरक्षित केला. लोकगीताप्रमाणे सर्वांच्या मुखी असलेले गाणे म्हणजे निर्नायकी गाणे नव्हे, हे घरगुती निर्मात्याने जाणणे आवश्यक आहे. नाव देणे हा कायद्याचा भाग आहेच. या परंपरेत तो कवीच्या प्रतिष्ठेचाही भाग आहे.

६. शुद्धतेच्या आग्रहाची मर्यादा

वरील विवेचनावरून जुने ते शुद्ध आणि घरगुती ते भ्रष्ट असा निष्कर्ष काढणे अन्यायकारक ठरेल. आंबेडकरी जलसा स्वतःच संमिश्र होता. त्याने तमाशाचा साचा घेतला, कव्वालीचा मुकाबला घेतला, आणि लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली निःसंकोच वापरल्या. अशोक रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा ज्या संगीतकोटी मानल्या, त्यांपैकी कोणत्याही एका कोटीत ही गाणी नेमकी बसत नाहीत. त्यांचे सामर्थ्य या सरमिसळीत आहे. तेव्हा नव्या वाद्यांचा वा संगणकीय ध्वनींचा वापर हा स्वतःहून दोष मानता येणार नाही.

वाल्टर बेंजामिन यांनी १९३० च्या दशकात मांडले की यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय क्षीण होते, परंतु त्याबरोबरच ती बहुजनांच्या हाती येते. घरगुती स्टुडिओच्या बाबतीत या विधानाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. ज्या गायिकेला मुंबईच्या स्टुडिओचे भाडे परवडत नव्हते, ज्या गावच्या गाण्याला कंपनीच्या लेखी बाजार नव्हता, ज्या बोलीला कॅसेटच्या वेष्टनावरही जागा नव्हती, त्यांना आज स्वतःचे मुद्रण करता येते. रात्रीची पाळी संपवून आलेला कामगार पहाटे गाऊ शकतो आणि चुकलेली ओळ खर्चाची धास्ती न बाळगता दहा वेळा गाऊ शकतो. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे आणि ते परत घेता कामा नये.

मग निकष कोणता? शुद्धतेऐवजी नात्यांचा निकष लावावा, असे सुचवावेसे वाटते. या गाण्यात शब्दाचे श्रोत्याशी, गायकाचे समूहाशी आणि कवीचे त्याच्या कृतीशी असे तीन प्रकारचे नाते आहे. नवे मिश्रण ही नाती टिकवते की तोडते, हे पाहावे. गिटार वाजूनही ती टिकू शकतात. केवळ ढोलकी व हार्मोनियम वापरूनही ती तुटू शकतात.

७. अभ्यासकांची जबाबदारी

वामनदादांच्या जन्मशताब्दीचे वर्ष २०२२ मध्ये येऊन गेले. त्या निमित्ताने त्यांच्या शब्दांची चर्चा झाली. त्यांच्या आवाजाचा आणि त्यांची गाणी गाणाऱ्या पार्ट्यांच्या आवाजाचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. कार्यक्रमांच्या वेळी श्रोत्यांनी टेपरेकॉर्डरवर केलेले मुद्रण हे या परंपरेचे अनौपचारिक अभिलेखागार होय. कपाटात पडलेल्या कॅसेटमधील चुंबकीय थर दमटपणाने व उष्णतेने झिजतो, बुरशी धरतो आणि गुंडाळलेल्या थरांचा आवाज एकमेकांवर उमटतो. ज्या यंत्रांवर या फिती वाजवायच्या ती यंत्रेही दुर्मीळ होत चालली आहेत.

येथे घरगुती स्टुडिओ हा समस्येचा भाग न राहता उपायाचा भाग होऊ शकतो. आवश्यक सामग्री व कौशल्य त्याच्याकडे आहे. पथ्य एवढेच, की फितीवरून संगणकावर उतरवलेली पहिली प्रत कोणतीही प्रक्रिया न करता जपावी. ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट हे प्रमाण सुचवले असून ९६ किलोहर्ट्‌झ अधिक श्रेयस्कर मानले आहे. खरखर काढणे, पातळी वाढवणे ही कामे दुसऱ्या प्रतीवर करावीत. टाळ्या, मधले बोलणे, बक्षीस देणाऱ्याचे पुकारलेले नाव यांना कात्री लावू नये, कारण अभ्यासकाच्या दृष्टीने तो गाण्याइतकाच मोलाचा पुरावा आहे. महाविद्यालयांतील मराठी, संगीत, इतिहास आणि संगणकशास्त्र या विभागांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे. विद्यार्थ्यांच्या घरी अशा फिती असण्याचा संभव नाशिक जिल्ह्यात अधिक आहे.

अध्यापनातही छोटा बदल शक्य आहे. वामनदादांचे एखादे गीत वर्गात शिकवताना त्याचे छापील रूप, मांडवातील जुने मुद्रण आणि अलीकडचे घरगुती मुद्रण एकापाठोपाठ ऐकवावे. कोणता अंतरा गळाला, कोरस कोणी म्हटला, कोणता शब्द ऐकू आला नाही, असे तीन साधे प्रश्न विचारावेत. पाठचिकित्सेचा हा पाठ विद्यार्थी कानाने शिकेल.

८. निष्कर्ष

१. ध्वनिमिश्रण ही अर्थनिर्णयाची कृती असून गीतसमीक्षेने तिची दखल छापील पाठाइतक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे.

२. घरगुती स्टुडिओने कंपनी व स्टुडिओ यांची सत्ता मोडून मुद्रणाचे लोकशाहीकरण केले. परंतु निर्णयाचे सर्व अधिकार एका व्यक्तीकडे एकवटल्याने गाण्यातील समूह दुबळा होण्याचा संभव निर्माण झाला.

३. तयार लूप, क्लिक आणि एकाच गळ्याचा कोरस या तांत्रिक अपरिहार्यता नसून कार्यपद्धतीच्या सवयी आहेत. त्या बदलता येतात.

४. गाण्याच्या संक्षेपात शेवटचा अंतरा वगळल्याने वामनदादांची नाममुद्रा लोप पावते. नाममुद्रेचा अंतरा राखणे आणि गीतकाराचे नाव नोंदवणे हे या परंपरेच्या पुनर्मुद्रणाचे किमान पथ्य मानावे.

५. जुन्या फितींचे अप्रक्रियित संगणकीय जतन हे महाविद्यालये व स्थानिक घरगुती स्टुडिओ यांच्या सहकार्यातून साध्य होण्यासारखे काम असून फितींची झीज लक्षात घेता त्यास विलंब परवडणारा नाही.

वामनदादांच्या पिढीने अक्षराची मक्तेदारी मोडून गाणे आपलेसे केले. त्यांच्या नंतरच्या पिढीला यंत्राची मक्तेदारी मोडण्याची संधी मिळाली आहे. त्या संधीतून निघणाऱ्या गाण्यात शब्द ऐकू येतो का, मागे माणसे उभी आहेत का आणि शेवटी कवीचे नाव उच्चारले जाते का, यावर तिचे मोल ठरेल.